पाच कोसांची सहल

तक्रार लोकांनी केली होती. बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात मुक्कामाला होते आणि भिक्षूंच्या पायाला थारा नव्हता. उन्हाळा असो, हिवाळा असो की पावसाळा, भटकंती बारमाही चालू. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकिकत आली आहे. लोक कुरकुरू लागले, की हे शाक्यपुत्राचे शिष्य भर पावसातही हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून राहतात, मग यांनाच काय झालं? गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली आणि नियम झाला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका जागी राहायचं. ज्याला तेव्हा जमणार नाही त्याने महिनाभराने बसावं, पण बसावं. हाच वर्षावास.

या हकिकतीत कुणी भिक्षू पुरात वाहून गेलेला नाही, कुणी दरडीखाली सापडलेला नाही. प्रवाशाच्या जिवाची काळजी हे नियमाचं कारण नाहीच. कारण आहे ते प्रवासी ज्यांच्यावर पाय देतो त्यांची काळजी.

आज जून उजाडला की सह्याद्रीतल्या पावसाळी सहलींचे बेत सुरू होतात. धबधब्याखाली दोरावरून उतरणं, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग, ढगात बुडालेला एखादा किल्ला, जमलं तर रात्रीचा जंगल ट्रेल. आईवडील, दोन मुलं, मावशीचं कुटुंब, शिवाय ‘मी खालीच थांबेन’ म्हणत निघालेली आजी. अशा सहलीची यादी आता बरीच शहाणी झाली आहे. लाइफ जॅकेट, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी, जळवांसाठी मीठ-हळद, विमा, हवामान खात्याचा इशारा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही आणलं. सहली नेणाऱ्या संस्थांना नोंदणी करावी लागते. हे सगळं हवंच. पण ती यादी वर्षावासाच्या गोष्टीशेजारी ठेवली की दिसतं, यादीतलं प्रत्येक कलम एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याला काही होणार नाही ना? लोकांनी वेळुवनात विचारलेला प्रश्न तिथे कुठेच नाही.

पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आपल्याला अजून नीट देता आलेलं नाही, हे खरंच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. पुढच्याच वर्षी १५ जूनला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर जमावबंदीचे आदेश निघतात, फलक लागतात, पोलीस उभे राहतात आणि पुढच्या रविवारी गर्दी शेजारच्या धबधब्याकडे वळते. चर्चा पुन्हा तीच, आपण वाचलो की नाही.

दुसरा प्रश्न किती दूर जातो, हे थायलंडच्या एका गुहेने दाखवून दिलं. २३ जून २०१८ रोजी चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली बारा मुलं आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा सहप्रशिक्षक शिरले. मुलं अकरा ते सोळा वर्षांची. सराव संपला होता, गुहा ओळखीची होती. जुलैपासून आत पाणी भरतं असा फलक बाहेर होता आणि जुलै लागायला आठवडा बाकी होता. पाऊस आधी आला. २ जुलैला ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा ती मुलं गुहेच्या तोंडापासून काही किलोमीटर आत एका कड्यावर बसलेली होती. प्रशिक्षक लहानपणापासून काही वर्षं विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, म्हणून राहिलेला; त्या काळोखात त्याने मुलांना ध्यानाला बसवलं होतं. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे तेराजण बाहेर आले. जगाने टाळ्या वाजवल्या, सिनेमे काढले.

त्या सुटकेचा हिशेब मात्र दुसऱ्यांच्या वहीत मांडला गेला. ६ जुलैला थाई नौदलाचे निवृत्त पाणबुडे समान कुनान हवेच्या टाक्या पोचवून परतताना गुहेतच गेले. मोहिमेतल्या आणखी एका पाणबुड्याला तिथे रक्तात संसर्ग झाला आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याचंही निधन झालं. गुहेतलं पाणी रात्रंदिवस उपसलं जात होतं. त्या कामात मदतीला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही गेली होती. उपसलेलं पाणी जाणार कुठे? ते पायथ्याच्या भातखाचरांत शिरलं. लावणी झालेली रोपं बुडाली. सरकारने भरपाई देऊ केली, तेव्हा काही शेतकऱ्यांनी ती नाकारली. पोरं वाचली हे पुरे, रोप पुन्हा लावता येईल, असं त्यांचं म्हणणं.

वेळुवनातल्या लोकांनी गवतासाठी कुरकुर केली होती. इथल्या लोकांनी पीक बुडूनही केली नाही. त्यांचा मोठेपणा वादातीत आहे, पण त्यामुळे खाचरांत गेलेलं पाणी हिशेबातून वजा होत नाही.

पुढे जे घडलं त्याची दखल वर्तमानपत्रांनी ‘धार्मिक विधी’ म्हणून घेतली आणि सोडून दिली. जुलैच्या अखेरीस, वर्षावास सुरू व्हायच्या तोंडावर, त्या बारांपैकी अकरा मुलांनी मुंडन करून नऊ दिवसांची श्रामणेर दीक्षा घेतली. प्रशिक्षक भिक्षू झाला. बारावा मुलगा ख्रिस्ती होता, त्याने आपल्या चर्चमध्ये प्रार्थना केली. दीक्षेचं पुण्य समान कुनान यांना अर्पण करण्यात आलं. आपल्या एका दुपारच्या फेरफटक्यासाठी दुसऱ्या कुणी काय मोजलं, याची उघड कबुली देण्याची ही त्यांची रीत. आपल्याकडे बचाव पथकातली तरुण पोरं अंगाला दोर बांधून रात्री दरीत उतरतात, मृतदेह खांद्यावरून वर आणतात आणि सकाळी आपापल्या कामावर जातात. त्यांना कुणी पुण्य अर्पण केल्याचं ऐकिवात नाही.

वर्षावासाचा नियम बौद्धांनी शोधला नाही. इतर पंथ तो आधीपासून पाळत होते, असं खुद्द त्या तक्रारीतच आहे. गौतम धर्मसूत्रही भिक्षूला पावसाळ्यात एका जागी राहायला सांगतं. जैन साधुसाध्वींनी तर तो आजवर टिकवला आहे. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांचा विहार थांबतो. महावीरांचे ४२ पावसाळे कुठेकुठे गेले याची नोंद कल्पसूत्रात आहे: राजगृह-नालंदा परिसरात चौदा, वैशाली-वाणिज्यग्रामात बारा, मिथिलेत सहा, अशी. पाऊस कुठे काढला यावरून आयुष्य मोजायची ही पद्धत मोठी विलक्षण आहे.

याच कल्पसूत्राच्या शेवटी पावसाळ्यातल्या वागणुकीचे नियम येतात आणि तिथे वाचणारा चमकतो, कारण थांबणं म्हणजे खोलीत कोंडून घेणं नव्हे. मुक्कामापासून चारी दिशांना एक योजन आणि एक कोस, म्हणजे पाच कोस, एवढ्या टापूत भिक्षेसाठी जाता येतं. कोसाची लांबी मुलुखागणिक बदलते, पण ढोबळ हिशेबाने हे पंधरा किलोमीटर झाले. वाटेत सदा वाहणारी नदी असेल तर जायचं नाही. पण कुणाला नावाच्या नगरीजवळच्या ऐरावतीसारखी नदी असेल, एक पाय पाण्यात आणि दुसरा पाण्याबाहेर उचलून ठेवता येईल इतकी उथळ, तर ओलांडायला हरकत नाही. मुसळधार पावसात बाहेर पडायचं नाही. वाटेत सर आली तर झाडाखाली, घराच्या आडोशाला थांबायचं.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात ओढा ओलांडण्याची जी कसोटी आहे ती आजच्या बऱ्याच ट्रेकवाल्यांपाशी नाही. ‘कमरेपर्यंतच आहे, हात धरून जाऊ’ हे वाक्य ज्या ओढ्याच्या काठावर बोललं गेलं, तिथे साधू मागे फिरला असता.

आणि मग येतात आठ सूक्ष्मं. पावसाळ्यात साधूने पुन्हा पुन्हा न्याहाळायच्या बारीक गोष्टींची ही यादी: जीव, बुरशी, बी, अंकुर, फूल, अंडी, बिळं आणि ओलावा. बुरशी ज्या वस्तूवर वाढते तिच्याच रंगाची होते, म्हणून ती दिसत नाही, असं सूत्र बजावतं. अंडी कुणाची, तर मधमाशीची, कोळ्याची, मुंगीची, पालीची, सरड्याची. ओलावा म्हणजे दव, धुकं, गार आणि गवताच्या पात्यावर थांबलेला थेंब. हे सगळं का पाहायचं? तर त्यावर पाय पडू नये म्हणून. हेतू अहिंसेचा, पण हाती येते ती सह्याद्रीत पावसाळा कसा पाहावा याची उत्तम पुस्तिका. आंबोलीला जुलैच्या रात्री विजेरी घेऊन निघालेल्या दहा वर्षांच्या मुलीला ही यादी हातात द्यावी. पाण्याच्या डबक्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसेल. ते मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. आत अंडी, आणि फेस विरघळला की पिल्लं टपटप खालच्या पाण्यात. शेजारी जांभ्याच्या खडकावर बोटभर पाणी साचलेलं, त्यात आंबोली टोड. हा जीव शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवला. तो आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठे सापडत नाही. पहिल्या सरींच्या थोड्या रात्रींत तो या उथळ डबक्यांत अंडी घालतो. ज्या डबक्यात मुलं गमबूट घालून उड्या मारतात, नेमक्या त्याच.

गवत तुडवण्याची तक्रार म्हणजे कुण्या भाबड्या लोकांची भूतदया नव्हती, हे अशा ठिकाणी कळतं. पावसाळा ही सगळ्या जीवांची विणीची वेळ. कासच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम. त्यावर उगवणारी सीतेची आसवं बोटभर उंचीची, आणि फोटोसाठी बसायला माणसाला हात-दोन हात जागा लागते. भंडारदऱ्याच्या काजव्यांचंही तसंच. पावसाच्या तोंडावर हिरडा-सादड्याच्या झाडांवर नर काजवे एका लयीत लुकलुकतात, मादीला खूण पटावी म्हणून. त्या खुणेवर शेकडो गाड्यांचे दिवे पडतात आणि वर मोबाइलचा झोत. माणसं म्हणतात, यंदा काजवे कमी दिसले.

इथे एक आक्षेप रास्तच आहे. हे नियम संन्याशांचे. ज्याला सुट्टी चारच दिवस मिळते, मुलांची शाळा आहे, अशा गृहस्थाने ते कशाला पाळावेत? उलट मुलांना चिखलाची, पावसाची, थोड्या भीतीची ओळख व्हायला हवी, नाहीतर ती फ्लॅटच्या खिडकीतून पाऊस बघत मोठी होतील. आक्षेपाचा दुसरा भाग तर निर्विवाद मान्य करायला हवा. पण परंपरेने गृहस्थाला मोकळं सोडलेलं नाही. जैन श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचं याची मर्यादा आपली आपण घालून घेणं. देशावकाशिक व्रतात तीच मर्यादा तेवढ्या दिवसापुरती आणखी आवळायची. मर्यादा निघण्याआधी घरी बसून ठरते, हे यातलं मर्म. कड्याच्या टोकाशी उभं राहून ठरवलेली मर्यादा कुणीच पाळत नाही.

आणि मराठी माणूस लगेच वारीकडे बोट दाखवेल. आषाढात लाखो लोक लेकराबाळांसह पायी चालतात, मग थांबायचं कसलं? वारीचा रस्ता मात्र नकाशावर नीट पाहावा. माउलींची पालखी आळंदीहून पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस करत पंढरपूरला जाते, म्हणजे घाटमाथ्याकडे पाठ करून पर्जन्यछायेत शिरते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. पंढरपूरच्या बाजूला त्याचा दहावा हिस्सा. शिवाय वारीइतकी आखीव सहल दुसरी नसेल. दिंडीला क्रमांक, रथापुढे की रथामागे हे ठरलेलं, मुक्काम ठरलेला, तंबू आणि शिधा पुढे गेलेला. आणि ही चाल संपते कधी? आषाढी एकादशीला, चातुर्मास सुरू होतो त्याच दिवशी. कित्येक फडकरी मग कार्तिकीपर्यंत पंढरपुरातच राहतात, कीर्तन-प्रवचनं करतात. चालणं आणि थांबणं एकमेकांच्या विरोधात नाहीत; एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला जोडलेला आहे.

दुसरं बोट पन्हाळ्याकडे जाईल. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात निसटले आणि विशाळगडाकडे गेले. त्या वाटेवर दर जुलैत हजारो लोक पावनखिंडीपर्यंत चालतात. त्यांनी जरूर चालावं. पण एरवी मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. ती रात्र अपवादाची होती आणि अपवादाला वेढ्याएवढं कारण लागलं. वर्षावासातही अपवाद आहेतच. आईवडील आजारी असतील तर सात दिवसांची सवड, हिंस्र जनावर, साप, चोर, आग, पूर यांनी गाठलं तर मुक्काम सोडण्याची मुभा. गुराख्यांच्या तळावर, तांड्यात किंवा नावेतही वर्षावास करता येतो, आणि तळ हलला तर त्याच्यासोबत हलता येतं. झाडाच्या ढोलीत किंवा उघड्यावर मात्र राहायचं नाही. नियम करणाऱ्यांना पाऊस ठाऊक होता. रील काढायचंय, हे कारण त्यांच्या यादीत बसवायचं म्हटलं तर कठीण आहे.

खरी तात्त्विक अडचण मुलांची आहे. मोठा माणूस आपल्या जिवाचा धोका आपण पत्करतो; बरोबर की चूक, तो त्याचा. आठ वर्षांचं पोर मात्र बापाचा हात धरून धबधब्यात उतरतं ते धोका पत्करून नव्हे, बापावर विश्वास ठेवून. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मुख्य स्थान दिलं आहे: बेसावधपणे, बेफिकिरीने झालेला प्राणघात ती हिंसा. जैन आचार्यांनी पुढे हा विचार आणखी टोकाला नेला. बेफिकीर माणसाच्या हातून प्रत्यक्षात कुणी मेलं नाही तरी दोष लागतोच, आणि डोळ्यांत तेल घालून चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत किडा आला तर नाही. आपल्या घरातली पद्धत नेमकी उलटी आहे. भरल्या ओढ्यातून मुलांना पलीकडे नेलं, सगळे सुखरूप आले, की ती मर्दुमकी ठरते आणि दिवाळीत पाहुण्यांना सांगितली जाते. पाय घसरला असता तर तीच गोष्ट बेजबाबदारपणा म्हणून बातमीत आली असती. बापाने केलेली कृती दोन्ही वेळा एकच होती. ‘काही झालं तर नाही ना’ हा युक्तिवाद या व्याख्येपुढे एक क्षणही टिकत नाही.

मुक्कामाच्या गावालाही यात मत असायला हवं. सरसकट बंदी घातली की कणसं-भजी विकणाऱ्यांपासून घरगुती खानावळ चालवणाऱ्या वहिनींपर्यंत सगळ्यांचा हंगाम बुडतो. बंदी हे सरकारी आळसाचं उत्तर आहे. पण एका दिवसात पाच ठिकाणं उरकणारी गाडी गावाला देते काय? कचरा आणि अडलेला रस्ता. तीच माणसं चार दिवस एका घरी राहिली तर पैसा गावात राहतो. शिवाय कुठल्या वळणावर दरड येते आणि कुठल्या ओढ्याला वर पाऊस झाला की अर्ध्या तासात लोंढा येतो, हे जेवताना आपोआप कळतं. पावसाळ्यात थांबण्याची शिस्त कोळी समाजही शतकानुशतकं पाळत आला आहे: पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच दर्यात. सरकारची १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी विणीच्या त्याच हंगामाला धरून आहे.

तेव्हा यंदा सहल आखताना एकच घर धरा आणि त्याच्याभोवती पाच कोस. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलीमीटरहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता. त्या दिवशी ओसरीवर पत्ते खेळा. ओढ्याच्या काठावर ऐरावतीची कसोटी लावा आणि निर्णय मुलांसमोर, मोठ्याने बोलून घ्या. वर्षावासाच्या शेवटी भिक्षू पवारणा करतात: माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला असेल तर सांगा, असं प्रत्येक जण संघाला विनवतो. परतीच्या आदल्या संध्याकाळी हा प्रश्न यजमानांना आणि मुलांना जरूर विचारा. आणि आंबोली-चौकुळच्या रस्त्यावर रात्री बेडूक पाहायला निघालात तर गाडी मुक्कामीच ठेवून पायी जा. पावसाळी रात्री बेडूक आणि खेकडे डांबरावरच असतात.